बॅटरीच्या बरणीतला उन्हाळा

एप्रिल लागला की माझ्या फ्रिजच्या दारावर उन्हाळ्याची यादी लागते. नवा माठ आणणे. कूलरच्या ताट्या बदलणे. गच्चीवरच्या टाकीला गोणपाट गुंडाळणे. पांढरे कांदे, कैऱ्या, वाळा. जळगावात राहायचं तर ऊन अंगावर यायच्या आत आपण तयार असावं, हे माझं मत आहे आणि इतक्या वर्षांत ते बदलायची गरज पडलेली नाही.

यंदा त्या यादीच्या तळाशी एक ओळ माझ्या अक्षरातली नाही. ‘मासा. सकाळी थोडंसंच खाणं. नळाचं पाणी थेट घालू नका काकू.’ वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या इंजिनियरिंगच्या मुलीने ती लिहिली. दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी मिळाली म्हणून ती गावी गेली आणि जाताना काचेचा गोल वाडगा माझ्या ओट्यावर ठेवून गेली. त्यात एकच मासा, निळा, लांब झुलत्या पंखांचा. तो दिवसभर मिक्सरकडे तोंड करून असतो.

नळाचं पाणी थेट घालायचं नसतं हे मला कोणी लिहून द्यायची गरज नव्हती. पाणी आधी शिळं करावं लागतं. बादलीत भरून उघडं ठेवायचं, त्यातला औषधाचा वास उडून जाऊ द्यायचा, मगच मासे त्यात सुखाने राहतात. मी बादली भरून मोरीत ठेवली आणि वाकून वास घेतला. त्या वासाबरोबर धुळ्याची ती खोली, तिची तापलेली पत्र्याची पडवी, भिजल्या गोणपाटाचा दमट वास आणि वंदनाचं मोठ्याने पाठ करणं, सगळं एकदमच आलं. परीक्षा आणि ऊन बरोबर येतात आमच्याकडे. त्यात मासे आले की माझ्यासाठी एकच साल उरतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी दोंडाईच्याची, मिरच्यांच्या गावची, वंदना चाळीसगावची. मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला, ती विज्ञानाच्या, प्राणिशास्त्र घेऊन. धुळ्यात अक्कांच्या घरी गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. अक्का आमच्या घरमालकीण. माहेर सोनगीरचं, त्यामुळे बोली अहिराणी, शहरात राहून थोडी मऊ झालेली. घर कडक शाकाहारी. खोली देताना त्यांनी आडनावं विचारली, गावं विचारली, वडील काय करतात ते विचारलं, आणि दोघींना एकच नियम सांगितला की वर अंडं-मासळी काही शिजता कामा नये. आम्ही हो म्हटलं.

वंदनाचं घर बौद्ध. वडील रेल्वेत, सिग्नलच्या कामावर. अक्कांनी त्यावर एक शब्द काढला नाही, भाडंही दोघींना सारखंच. फक्त स्वयंपाकघरात मला आत बोलवायच्या, आणि वंदनाला जे काही द्यायचं ते उंबऱ्याशी आणून द्यायच्या. आत चुलीशेजारी एक मोठा काळा माठ होता. अक्कांचा मळा गावाबाहेर, थोडासा, तिथल्या विहिरीचं पाणी त्यांचा मुलगा रोज मोटारसायकलला कॅन बांधून आणायचा आणि त्या माठात ओतायचा. गोड, निवळशंख पाणी. घरातली माणसं तेवढंच प्यायची. नळाचं पाणी बाकी सगळ्याला. आम्हा दोघींच्या खोलीत काम वाटून घेतलं ते वंदनाने, पहिल्याच दिवशी. खालून काही आणायचं ते तू, बाजारहाट मी. मला वाटणी सोयीची वाटली. तिने ती तशी का केली हे कळायला मला बरेच महिने लागले, आणि कळल्यावरही आम्ही त्यावर बोललो नाही.

मासे आले ते फाटकातून परत चालले होते म्हणून.

होळीच्या आसपासची गोष्ट. हिवताप खात्याचा एक माणूस घरोघर हिंडत होता. त्याच्याजवळ पत्र्याचा डबा, डब्यात गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून ते लोकांच्या हौदांत सोडायचे, फुकट, सरकारी काम. अक्कांनी त्याला अंगणाच्या फाटकातच अडवलं. आमच्या वापराच्या पाण्यात मासळी सोडतो का, म्हणून विचारलं. त्याने समजावलं की बाई, हे खायचे नाहीत, हे उलट खातात. अक्का म्हणाल्या की मग तर आणखीच नको. तो बिचारा डबा उचलून निघाला, तेवढ्यात वंदना कॉलेजातून आली. तिने जेवणाचा रिकामा डबा त्याच्यापुढे धरला. त्याने ओंजळभर पाण्यासकट मूठभर मासे त्यात ओतले आणि वर सल्ला दिला, “ताई, भात नका घालू. फुगतात.”

डबा घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा मी हिशेबाच्या पुस्तकात होते. मी तिला म्हटलं की परीक्षेला सव्वा महिना आहे, खोलीत जागा नाही, भांडं नाही, आणि घरमालकिणीने हेच मासे आत्ता फाटकातून हाकलले. ती म्हणाली, “म्हणूनच आणले.” आणि डबा खिडकीत ठेवला.

भांड्याचा प्रश्न तिच्या वडिलांनी सोडवला. सिग्नलला पूर्वी ज्या बॅटऱ्या असायच्या त्यांच्या जाड काचेच्या चौकोनी पेट्या असत. त्यातली एक टाकाऊ पेटी त्यांनी साहेबांना विचारून घेतली, कितीतरी वेळा धुण्याच्या सोड्याने घासली, आणि चाळीसगाव-धुळे पॅसेंजरने मांडीवर घेऊन आणली. हिरवट काच, कडेला साच्यातले बुडबुडे, आणि एका बाजूला कंपनीची उठावाची उलटी अक्षरं. वंदना तिला बरणी म्हणायची. वडील उंबऱ्यापाशी चहा प्यायले, बशी स्वतः विसळून ठेवली आणि परतीच्या गाडीला निघून गेले. बरणीत काय ठेवणार आहेस हे त्यांनी विचारलं नाही. लेकीने मागितली म्हणून आणली.

त्या काचेतून पाहिलं की मासे मध्येच लांब व्हायचे, मध्येच तुटायचे. गप्पी म्हणजे काय, बोटाच्या पेराएवढा जीव. माद्या राखाडी, नरांच्या शेपटीवर रंगाचा एखादा शिंतोडा, रांगोळीच्या बोटाने लावावा तसा. तळाला पांझरेची वाळू, वर तळ्यातून आणलेलं शेवाळ. बाजारातल्या पोपटवाल्याकडून वंदनाने मॉली जातीची एक काळी मासोळी विकत आणली. काळी कुळकुळीत, पोट सुटलेलं, सगळ्यांच्या मध्ये सावकाश फिरून प्रत्येकाची चौकशी करणारी. मी तिचं नाव मुनीमबाई ठेवलं. तिच्या पोटात पिल्लं आहेत हे वंदनाला पहिल्या नजरेत कळलं होतं.

माशांच्या जेवणाची व्यवस्था मी लावली, कारण वंदना मनाला येईल तसं घालायची. सकाळी भाजलेल्या डाळीच्या पिठाची चिमूट. संध्याकाळी अळ्या. अळ्या खाली अक्कांच्या कूलरच्या टाकीत हव्या तेवढ्या. चहाच्या गाळणीने त्या उपसायच्या आणि बरणीत सोडायच्या. शांत बरणीत एकदम बाजार भरायचा. समोर वही उघडी, पंखा बंद, वीज गेलेली, आणि आम्ही दोघी काचेला नाक लावून. तेवढा वेळ डोक्यातला पेपर थांबायचा. मला अजूनही वाटतं की अभ्यासात जी काही माहिती माझ्या डोक्यात राहिली ती त्या थांबण्यामुळे राहिली.

मग ऊन चढलं. धुळ्याचं ऊन ज्यांनी पत्र्याखाली काढलंय त्यांना सांगायला नको. दुपारी बरणीतलं पाणी हाताला कोमट लागायचं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करायचे. आम्ही बरणीला ओलं गोणपाट गुंडाळलं. तेही पुरेना तेव्हा वंदनाने जुना माठ रिकामा केला आणि भर दुपारपुरतं माशांना त्यात हलवायला सुरुवात केली. मातीच्या अंगातून पाणी झिरपतं, वारा लागतो, आतलं गार होतं. माणसाला जे बरं वाटतं ते त्यांनाही वाटणार, एवढा साधा विचार. माझी एक वर्गमैत्रीण नोट्स मागायला आली आणि विचारल्याशिवाय त्या माठात पेला बुडवला. पेल्यात दोन गप्पी आले. ती ओरडली नाही, शांतपणे पेला माझ्या हातात देऊन म्हणाली, “तुमच्याकडं पाणी चावून प्यायचं का?” पुढे कॉलेजभर ते झालं.

अक्कांना मात्र काही कळलं नव्हतं. गच्ची त्यांची होती, पण जिना चढून त्या फारशा येत नसत. आल्या त्या कुरडयांसाठी.

गव्हाचा चीक शिजला की त्याचा एक आंबूस गोड वास येतो. त्या दिवशी तो जिन्यावरून आधी आला, मागून साचा घेतलेल्या अक्का. गच्चीभर धोतरं अंथरून त्यांनी कुरडया घातल्या आणि सावलीला म्हणून आमच्या दारात टेकल्या. दारासमोर खिडकी. खिडकीत बरणी.

“हाई काय शे?” त्यांनी विचारलं.

वंदनाने खरं ते सांगितलं. त्या दिवशीचेच मासे, अक्का. खायचे नाहीत, पाळलेत. अक्का उठून जवळ गेल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या की मन्हा घरमा मासळी चालाव नही, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. शिजलेली काय आणि जिती काय. शेजारीपाजारी उद्या विचारतील की अक्का, भाडेकरू ठेवले की कोळीवाडा. हे काढा. नाहीतर दुसरी खोली बघा.

परीक्षेला आठवडा राहिला होता. मी लगेच मार्ग लिहून काढले, ती माझी सवयच आहे. पांझरेत सोडणे: नदीत पाणीच नव्हतं, नुसते दगड. कॉलेजच्या प्रयोगशाळेला देणे: वंदना म्हणाली तिथे मासे कशासाठी लागतात ते मला विचारू नकोस. चाळीसगावला पाठवणे: पॅसेंजरच्या डब्यात एप्रिलच्या उन्हात ते तासभरसुद्धा टिकले नसते. दुसरी खोली: आठवड्यावर पेपर असताना, आणि वंदनाला पुन्हा कुठेतरी आडनाव, गाव, वडिलांची नोकरी सांगत दारोदार फिरावं लागलं असतं. मी कागद दुमडला. वंदना बरणीजवळ बसून होती. मुनीमबाईचं पोट आता टोकदार दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी अक्का कुरडया उलटायला आल्या, आणि कावळ्यांना राखण म्हणून काठी घेऊन पुन्हा आमच्या दारात बसल्या. दुसरी सावली नव्हतीच गच्चीवर. आम्ही दोघी खाली मान घालून अभ्यास करत होतो. बराच वेळ गेला. मग दारातून आवाज आला, “ती काळी कोठे गयी?”

शेवाळामागे गेली होती. वंदनाने बोटाने दाखवलं. अक्का हं म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की ती सारखी बाकीच्यांच्या मागे का लागते. वंदना म्हणाली, सासू आहे त्यांची. अक्कांनी पदर तोंडाला लावला. निघताना जिन्यात थांबून, आमच्याकडे पाठ करून म्हणाल्या, “कुरडया वाळतस तवपावत ऱ्हाऊ दे.”

कुरडया त्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळल्या. मग अक्कांना आठवलं की यंदा पापड कमी पडतील. पापड झाले. मग सांडगे. मग शेवया. मग मागच्या वर्षीच्या मिरच्यांना पुन्हा एकदा ऊन दाखवायला हवं असं निघालं, आणि दोन दिवस आम्ही शिंकत अभ्यास केला. मिरच्यांना काही झालेलं नव्हतं. दोंडाईच्याची मी, मला मिरची कळते.  गच्चीवर वाळवण होतं तोवर खिडकीत मासे होते, आणि वाळवण काही संपत नव्हतं. काठी मांडीवर आडवी, डोळे बरणीकडे. कावळे खुशाल सांडगे उचलायचे.

अक्का बरणीला हात लावत नसत. पण अंतर रोज थोडं कमी व्हायचं. आधी दारात, मग दाराच्या आत, मग खिडकीखालच्या ट्रंकेवर. मासे पाळण्यात हे आहे. कुत्रा-मांजर अंगावर येतं, तुम्हाला हो किंवा नाही म्हणावं लागतं. मासा काहीच मागत नाही. भूक लागली तर ओरडत नाही, दुखलं तर सांगत नाही. बघणाऱ्यालाच पुढे सरकावं लागतं. आणि त्याला काय होतंय हे चुकूनही कळत नाही असं होऊ शकतं, तेही आहेच.

परवा ओट्यावरच्या निळ्या माशाने एक दिवस काही खाल्लं नाही तेव्हा मी वंदनाला फोन केला. ती नंदुरबारकडे शाळेत शिकवते, निवृत्तीला आली. तिने विचारलं, पाण्याला हात लावून बघितलंस का, ओट्याजवळ गॅस असतो, वाडगा तापत असेल. मी वाडगा देवघराशेजारी हलवला. संध्याकाळी त्याने खाल्लं. पुन्हा फोन करून कळवलं. मग आम्ही बोलत बसलो. गप्पांच्या शेवटी नेहमी त्याच दिवसापाशी येतो.

त्या दिवशी माझाही पेपर होता आणि वंदनाचीही तोंडी परीक्षा. दुसऱ्या दिवशी तिचा माशांवरचाच पेपर. त्या आठवड्यात धरणाचं पाणी तळाला गेलेलं, नळाला चहासारखं गढूळ यायचं. अशा पाण्यात तुरटी फिरवायची हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. दोऱ्याला बांधलेला तुरटीचा खडा प्रत्येक घरात मोरीजवळ लटकलेला असतो. हंड्यात चार वेढे द्यायचे, गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. आमच्या खोलीतल्या प्यायच्या पाण्यात मी स्वतः फिरवायचे.

बरणीतलं पाणी वंदना मुद्दाम हिरवट ठेवायची. मुनीमबाई विणार होती. पिल्लांना लपायला आणि खायला तो हिरवटपणा लागतो. पण बघणाऱ्याला ते घाणच दिसणार.

आम्ही ऊन उतरताना परत आलो तर अक्का ट्रंकेवर बसलेल्या, आमची वाट बघत. चेहरा प्रसन्न. म्हणाल्या की तुम्हाला परीक्षेत वेळ होत नाही, पोरी, मला कळतं. म्हणून मीच केलं. “देख, कसं निवळनं.”

खरंच निवळलं होतं. काच काय आणि पाणी काय, फरक कळू नये असं. तळाला वाळूवर पांढुरका साका बसला होता. सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याच्या बाहेर. काही आडवे झाले होते. मुनीमबाई एका कोपऱ्यात, कल्ले जोरजोरात हलत होते, शेपटी खाली लोंबलेली.

वंदनाने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. तोंड आवळलं गेलं तिचं. अक्कांनी हात आखडता घेतला नव्हता. घरच्या माणसांच्या पाण्यात जितकी फिरवतात त्याहून जास्तच फिरवली होती. वंदनाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, “अक्का, पाणी बदलावं लागेल. आत्ता.”

शिळ्या पाण्याची बादली शेजारी होती. अक्कांनी लगे हात तिच्यातही खडा फिरवला होता. खोलीतल्या प्यायच्या माठात माझी तुरटी. खालचा हौद सकाळीच नळाने भरलेला, त्याला औषधाचा वास येत होता. मी एकेक सांगत गेले आणि वंदना नाही नाही म्हणत चहाच्या गाळणीने मासे स्टीलच्या पातेल्यात काढत होती, तुरटीच्याच थोड्या पाण्यात, कारण दुसरं नव्हतं. अक्का एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते प्रसन्नपण कुठल्या क्षणी गेलं ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं तेव्हा नव्हतं.

मग त्या उठल्या आणि जिना उतरायला लागल्या, गुडघ्यावर हात ठेवत, जमेल तितक्या घाईने. जाताना एकच शब्द टाकला, मळ्याचं.

वंदना पातेलं घेऊन त्यांच्या मागे धावली, आणि मी रिकामी केलेली बरणी छातीशी धरून तिच्या मागे. अंगण ओलांडलं, ओसरी ओलांडली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वंदना थांबली. ते थांबणं तिच्या पायांचं होतं. डोकं तर पातेल्यातच होतं. ती तिथे उभी राहिली आणि मला म्हणाली, “मंगे, तू जा. तांब्याने थोडं थोडं घाल, एकदम गार नको, कल्ल्यांवर सोड, आणि बघ...” तिला जे हातांनी करायचं होतं ते ती मला तोंडाने सांगत होती, आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं. पातेल्यात मुनीमबाई कुशीवर वळली.

अक्का माठाशेजारी उभ्या होत्या. त्यांनी माठावरची थाळी काढून बाजूला ठेवली.

“उभी काय ऱ्हायनी?” त्या वंदनाला म्हणाल्या. “मझार ये.”

वंदना हलली नाही.

“माठमा हात घाल. ली जा बठ्ठं.”

बठ्ठं म्हणजे सगळं. ती आत गेली. खाली बसली, पातेलं मांडीशी घेतलं, आणि कोपरापर्यंत हात माठात घालून पसाभर पाणी काढलं. बोटांच्या फटीतून ते माशांवर सोडलं, हळू, पुन्हा हळू. जुनं पाणी दुसऱ्या हाताने उपसत होती. अक्का तिच्या समोर जमिनीवर बसल्या. बराच वेळ ते चाललं. मग बरणी धुऊन माठाच्या पाण्याने भरली, आणि तिला स्वयंपाकघराच्या गार फरशीवरच ठेवली. माठ रिकामा झाला. पंधरा-वीस माशांतले निम्मे राहिले असतील. मुनीमबाई तळाशी बसून होती, जिवंत, पण जागची न हलणारी.

अक्कांनी विचारलं, “मन्ही तुरटीमुळे?”

“उन्हानेही होतं, अक्का,” वंदना म्हणाली.

“खोटं नको बोलू. उद्या तुन्हा पेपर शे.”

मग वंदनाने त्यांना सांगितलं, जसं दुसऱ्या दिवशी लिहिणार होती तसं. पाण्यातला गाळ धरून खाली आणते ती तुरटी माशाच्या कल्ल्यांतही बसते, श्वास अडतो. अक्का ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या की इतकी वर्षं पाणी स्वच्छ करते आहे, पाण्याला काय वाटतं ते कधी विचारलं नाही. आणि उठून भाकरीचं पीठ काढलं, कारण दिवेलागण झाली होती आणि घरातल्यांची जेवायची वेळ.

नाना, अक्कांचे यजमान, बाजारातून आले. त्यांनी पाय धुतले, आत डोकावून पाहिलं. फरशीवर मासे, माशांपाशी वंदना पुस्तक घेऊन बसलेली, माठाचं तोंड उघडं. त्यांनी पाणी मागितलं. अक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, आज मळ्याचं पाणी मासळीनी पिधं.

“मंग आमले?”

“तुमले नळनं.”

 नानांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग स्वतःच पिंपाकडे गेले, पेला भरला, उभ्याउभ्या प्याले आणि ओसरीवर जाऊन बसले.

वंदना वाचत होती, पण पान उलटत नव्हती. मी तिच्या शेजारी माझ्या वहीवर रेघा मारत होते. तव्यावरून भाकरी उतरली, दुसरी पडली. मुनीमबाई हलत नव्हती. अक्कांनी परातीतल्या कोरड्या पिठात बोटं घातली आणि भाकरी थापायची सोडून, वाकून, बरणीवर ती बोटं झटकली. पीठ पाण्यावर तरंगलं, मग एकेक कण खाली जायला लागला. अक्का तशाच वाकून राहिल्या. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी त्यांनी बघितलं नाही.

मुनीमबाईने शेपटी एकदा हलवली. थोडी वर आली. थांबली. मग तोंड उघडून एक कण घेतला, आणि दुसरा.

“खादं,” अक्का हळूच म्हणाल्या. “खादं व, तिनी खादं.”

त्या सरळ झाल्या, करपलेली भाकरी बाजूला काढली, आणि चांगली भाकरी ताटात ठेवून त्यावर तुपाचं बोट फिरवलं. शेजारी वांग्याची भाजी, चटणी. ताट त्यांनी उंबऱ्याकडे नेलं नाही. पाट ओढला, तो बरणीच्या शेजारी मांडला आणि वंदनाकडे न बघता म्हणाल्या,

“आते तू बी खाई ले.”